पेज लावलेल्या बारा पाट्या

बाबा,

काल विमानात मी खिडकीशेजारच्या भिंतीवर रुपयाचं नाणं वाजवून पाहत होते. बाजूच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, सवय आहे. त्यांनी आपली पर्स मांडीवरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मी दिल्लीला एक पारितोषिक घ्यायला चालले होते, विनोदी लेखनाचं. तुमची मुलगी लोकांच्या चुका काढून पोट भरते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. दर रविवारी पेपरात माझा मजकूर येतो. पुढारी, प्राध्यापक, नळाला पाणी न सोडणारे आणि पाणी सोडल्याचा समारंभ करणारे, कोणालाही मी सोडलेलं नाही. बाईंची जीभ फार तिखट, असं लोक कौतुकानं म्हणतात. आयुष्यात एकदाच एक चूक कागदावर लिहायचं काम माझ्याकडे अधिकृतपणे आलं होतं, सहीशिक्क्यासकट, आणि ती मी लिहिली नाही. ती तुमची चूक होती. म्हणून हे पत्र तुम्हाला.

सुरुवात फार मागून करावी लागेल. सत्तरचं दशक नुकतं लागलंय, मी सात-आठ वर्षांची आहे. गल्लीत लुगड्याचा ताणा पसरलेला आहे, एका कडुलिंबापासून दुसऱ्यापर्यंत, आणि ऊन यायच्या आत त्याला खळ लागली पाहिजे. आईनं भाताची पेज फडक्यातून गाळून दिलीय. तुम्ही कुंचा घेऊन ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता, आणि मागून मी चिकटलेले धागे बोटांनी सुटे करत येते. मधे एका जागी तुमचा हात ओझरता गेला, ते मी पाहिलं. सांगायचं काम माझं होतं. मला कंटाळा आला होता, मी बोलले नाही. ताणा मागावर चढला आणि चौथ्या दिवशी नेमके तेवढेच धागे तुटले. तुम्ही मारलं नाही. मला मागाच्या खड्ड्यापाशी, तुम्ही पाय सोडून विणायला बसायचात तिथे, बसवलंत आणि तुटलेल्या एकेका धाग्याला माझ्याकडून गाठ मारून घेतलीत. संध्याकाळ झाली. "पाह्य," तुम्ही म्हणालात, "मानूस कपडा घालते, धागा पेज घालते. उघड्या धाग्याले माग खाते. दिसलं होतं तुले, त सांगतलं काहून नाई वो?" मी पुढच्या धाग्याला गाठ मारली.

मग ती शेड. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. मोहाडीच्या रस्त्याला धानाच्या बांध्यांमधे एक लांबट, खिडक्या नसलेली शेड उभी राहिली. आत काय होणार याबद्दल गावात तीन मतं होती. एक मत प्लास्टिकच्या बादल्यांचं. दुसरं मत बॉम्बचं, आणि ते शेजारच्या करडी गावापर्यंत पोचलं होतं. तिसरं मत तहसील कार्यालयाचं होतं, ते म्हणजे आमच्याकडे नोंद नाही. शेडचे साहेब उत्तरेकडचे, पोळीवर वाढलेले, परदेशात शिकून आलेले. त्यांना दोन माणसं हवी होती. एक हातमागावरचा विणकर, कारण यंत्रमागावर त्यांचा धागा तुटत होता. आणि एक बी. एस्सी. झालेला उमेदवार, तपासणीसाठी. दोन्ही माणसं त्यांना एकाच घरात मिळाली. त्या आनंदात तुम्ही घरचा माग मोडलात आणि त्याचंच लाकूड नेऊन शेडमधे माग उभा केलात. घरातला मागाचा खड्डा मातीनं बुजवला, आईनं त्यावर धानाची पोती रचली. परत फिरायची जागा आपण अशी आपल्या हातानं बुजवली, आणि त्या दिवशी घरात गोड केलं होतं.

साहेबांनी पहिल्या दिवशी दोन रिळं टेबलावर ठेवली. एक काळं, कार्बनचं. केसाहून बारीक हजारो तंतू, एकत्र चपटे बसलेले, चमक अशी की हात लावावा आणि लावला की बोटात कुसळ जावं. दुसरं मक्याच्या केसांसारखं पिवळट. "काला वाला ताकत है," ते म्हणाले, "ये दूसरा गोंद है. अभी धागा बनके बैठा है. गरम करो तो पिघलेगा, काले को पकड़ेगा, ठंडा हुआ तो छोड़ेगा नहीं." तुम्ही पिवळा धागा दोन बोटांत चोळून पाहिलात. "म्हंजे लाख," म्हणालात. "बांगड्यायची." साहेब इतके खूश झाले की त्यांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. लाखच, म्हणाले, पण चारशे अंशाला वितळणारी. मग बोट उचलून त्यांनी नियम सांगितला. या धाग्याला काहीही लावायचं नाही. तेल नाही, खळ नाही, पाणीसुद्धा नाही. कारखान्यातून येताना त्यावर असतो तो लेपही आम्ही मुद्दाम नको म्हणून सांगितलाय. एवढ्या उष्णतेला दुसरं काहीही जळतं, त्याची वाफ होते, आणि दाबाखाली वाफेला बाहेर पडायला वाट नसते. ती आतच राहते. "समझ गए?" तुम्ही म्हणालात, "हो साहेब." तो 'हो साहेब' मी ओळखत होते. शेतकी खात्याचा माणूस, शाळा तपासनीस, कुटुंबनियोजनवाल्या बाई, सगळ्यांना तुम्ही तेच म्हणायचात, आणि मग घरी येऊन तुम्हाला बरोबर वाटेल ते करायचात.

पहिले दोन महिने वाईट गेले. बिनखळीचा काळा ताणा मागाच्या फणीतून जाताना उसवायचा. तंतू तुटून हवेत तरंगायचे, दिव्याच्या उजेडात दिसायचे आणि एरवी नुसते टोचायचे. तुमच्या मनगटांवर खाज सुटून चट्टे उठले. तो तंतू वीज वाहून नेतो, त्यामुळे शेडमधली विजेची बटणं मधूनच तडतडायची, दोनदा फ्यूज उडाला. तुमच्या सदऱ्यावर बसून तो आपल्या घरी आला आणि आपल्या ट्रान्झिस्टरमधे शिरला. एका संध्याकाळी बातम्या सांगता सांगता तो खरखरला आणि गप्प झाला. आई म्हणाली, "त्या काऱ्या धाग्यानं पयला जीव घेतला." तुम्ही हसलात. मी नाही हसले. त्या घरात काहीतरी शिरलंय आणि ते झाडून निघत नाही, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं.

कापड केसाळ होत होतं. साहेब रागावत नव्हते, तेच भीतीदायक होतं. ते नुसते कापडावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे की हातमागावर जमत नसेल तर तयार कापड बाहेरून मागवू. तुम्ही हो साहेब म्हणायचात. आणि मग एका आठवड्यात सगळं बदललं. धागा तुटायचा थांबला. कापड असं उतरू लागलं, जणू काळ्या पाण्यावर वारा नसावा. साहेबांनी पाहुण्यांना आणून तुमचे हात दाखवले. तुम्ही हात मागे लपवलेत, लाजून, असं मला वाटलं. त्याच आठवड्यापासून आई मला रोज एक जास्तीचा डबा देऊ लागली होती. पातळ पेजेचा. "त्यायच्या पोटाले बरं," म्हणाली. मी बी. एस्सी. केमिस्ट्री, पांढरा कोट घालून, तो डबा रोज माझ्या हातानं मागाच्या खोलीत पोचवत होते.

दोन्ही धागे मिळून विणलेल्या त्या कापडाचे तुकडे एकावर एक रचायचे, दोन पोलादी पत्र्यांत घालायचे आणि प्रेसमधे दाबून तापवायचे, मग दाब न काढता थंड करायचे. बाहेर येई ती बोटभरही जाड नसलेली काळी कुळकुळीत पाटी. आपण तिला पाटीच म्हणायचो, शाळेतल्या पाटीसारखी दिसते म्हणून. पहिला बारा पाट्यांचा नमुना विमानाचे भाग करणाऱ्या लोकांकडे जायचा होता. कुठल्या भागासाठी, ते साहेबांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की ज्या चीजेत ती बसेल, तिच्यात पुढे माणसंही बसतील. प्रेसवर सिहोऱ्याचा एक माणूस होता, तोंडाचा फटकळ. नव्या कापडाचा पहिला थर तापला तसा पत्र्यांच्या कडेनं बारीक निळसर धूर निघाला. प्रेसवाल्यानं नाक वर केलं. "काहो, कोनाच्या घरी भात लागला?" साहेबांनी विचारलं, कैसी बू है? त्यांना तो वास माहीत असायचं कारण नव्हतं. आपल्या जिल्ह्यात तो वास तान्ह्या पोरालाही ओळखता येतो. चुलीवर पेज विसरली की येतो तो. मी प्रेसवाल्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "काई नाई साहेब," तो म्हणाला, "मशीन नया है, पेंट जल रहा है."

पाट्या आतून पाहणारं एक यंत्र येणार होतं. ते रस्त्यात होतं. माझी नोकरी संपली तोवर ते रस्त्यातच होतं. तोवर मला साहेबांनी नाण्यानं वाजवायला शिकवलं होतं. बाजारात आई मडकं वाजवून घेते तसंच. भरीव जागा टण् बोलते. आत वाफेनं थर सुटले असतील तर ठप. ठप आलं की तेवढ्या जागेभोवती खडूनं गोल करायचा. मी खोलीचं दार लावलं आणि बारा पाट्या टेबलावर मांडल्या. टण्, टण्, टण्, ठप. मी थांबले, नाणं बदललं, पुन्हा वाजवलं. ठप. दिवस कलला तेव्हा सात पाट्यांवर पांढरे गोल होते. काहींवर एक, एकीवर पाच. वरून सातही पाट्या इतक्या सुंदर की त्यांत माझं तोंड दिसत होतं, खडूच्या गोलांमधून. तेवढ्यात तुम्ही रिकामा डबा द्यायला आत आलात. "हे गोल कायचे वो?" "मापाचे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून आपण घरी चाललो होतो. तुम्ही पुढे, मी मागे. मीच तोंड उघडलं.

"बाबा, डब्यातली पेज तुमी पीत नाई."

"तुले कोनं सांगतलं?"

"वासानं."

तुम्ही थांबलात. तलावात पाणी कमी होतं, कडेचा चिखल भेगाळला होता. "पातळ लावली वो," तुम्ही म्हणालात. "दिसत बी नाई इतकी पातळ. नाई लावली त तो धागा उघडा रायते. असा उघडा धागा मागावर चढवाचा म्हंजे, चाळीस वर्सं झाले, माहा हातच नाई उठत. मले वाटलं साहेबाले विणकाम काय समजते."

"त्याची वाफ होते. आत फुगे राहतात."

"किती पाट्याईत?"

"सात."

तुम्ही खाली बसलात, तिथेच, पाळीवर. म्हातारे दिसलात. मग जे बोललात ते मला शब्दानिशी आठवतं, कारण त्यानंतर मी ते रोज ऐकलंय. "मंग लिहून टाक. नापास लिहून टाक सातही. माह्या नावानं लिही, साहेबाले मी सांगतो. त्यात कोनी बसन म्हनतेत ना?" मी म्हटलं, पाहते. तुम्ही म्हणालात, "पाहाचं काय हाय त्यात? दिसलं ना तुले? मंग सांगाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात कागदांवर 'नापास' लिहायला बसले. पेन हातात होतं. पलीकडे साहेब कोणाशी तरी बोलत होते, भिंत पातळ होती. हा नमुना गेला तर हातमाग राहील, नाही गेला तर पुढच्या महिन्यापासून कापड बाहेरून. मी मनात तुमचा बुजवलेला खड्डा पाहिला, त्यावरची पोती पाहिली. खोटं कशाला बोलू, मी तुमचे हातही पाहिले, पाहुण्यांसमोर मागे लपवलेले. आणि मला वाटलं की तिकडे विमानवाल्यांकडे तर मोठी यंत्रं असणार, इथून सुटलं तरी तिथं पकडतील. या एका वाक्यावर पुढे मी किती विनोदी लेख लिहिले आहेत, बाबा! खालचा म्हणतो वरचा पाहील, वरचा म्हणतो खालच्यानं पाहिलंच असेल, आणि मधून हत्ती निघून जातो. लोक पोट धरून हसतात. मी ओला कपडा घेतला आणि गोल पुसले. काळ्या पाटीवरचा खडू लगेच पुसला जातो, मागे काही राहत नाही. बारा वेळा लिहिलं, 'नाद स्वच्छ', बारा सह्या केल्या. साहेब दारात आले. "सब ठीक, बेटा?" "जी सर." प्रेसवाला खोक्याला खिळे ठोकत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मॅडम, माह्यावाल्या नाकाले कालपासून सर्दी हाय." एवढंच. ट्रक धूळ उडवत गेला.

तुम्ही त्या दिवसापासून पेज बंद केलीत. एका शब्दानं काही न बोलता, उघडा ताणा मागावर चढवलात आणि तासाला वीतभर अशा गतीनं विणू लागलात, तुटलेला प्रत्येक तंतू बोटांनी बसवत. बोटं फाटली, त्यांना तुम्ही चिंध्या बांधायचात, आणि रक्त कापडाला लागू नये म्हणून चिंध्यांवर आणखी चिंध्या. ती कापडं चांगली निघाली. त्यांच्या पाट्या मी वाजवल्या आहेत. इकडून तिकडे नुसतं टण्. पण त्या नंतरच्या.

पंधरा दिवसांनी जेवताना तुम्ही विचारलंत, "त्या पाट्यायचं काय झालं?" आईनं वाढता वाढता हात थांबवला. मी म्हटलं, "नापास झाल्या. साहेबानं सातही मोडून टाकल्या." तुमचा चेहरा सैल झाला. इतका की मला वाटलं आता रडाल. तुम्ही म्हणालात, "बरं केलं वो बाई," आणि भात मागून घेतलात. पुढच्या आठवडी बाजारात मी तुमच्या मागे उभी होते, आणि तुम्ही मिरच्या घेता घेता त्या मिरचीवाल्याला सांगत होता, आवाज चढवून, चार लोकांना ऐकू जाईल असा: "माह्या पोरीनं मले नापास केलं! बापाले! सरकारी तपासनीस बी असा नसन!" मिरचीवाला हसला, मग आपल्या मुलाला म्हणाला, पाह्य, याले म्हनतेत शिकनं. तुम्ही ते पुढे प्रत्येक बाजारात सांगितलंत, लग्नात सांगितलंत, मोहाडीला दवाखान्यात डॉक्टरला सांगितलंत. नापास झाल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. दर वेळी मी मागे उभी असायचे आणि खाली पाहायचे, आणि लोकांना वाटायचं पोरगी विनयशील आहे.

दीड वर्षात शेड बंद पडली. कारण पाट्यांचं नव्हतं, निदान असं साहेब म्हणाले. त्या बारा पाट्यांबद्दल पत्र आलं नाही, तक्रार आली नाही, कौतुकही आलं नाही. काही झालं असं मला कधी कळलं नाही. काही झालं नाही, असंही कधी कळलं नाही. तुमचा खोकला तोवर वाढला होता. डॉक्टर म्हणाले वयाचा आहे, आई म्हणाली काळ्या धाग्याचा. तुम्ही गेलात त्या आठवड्यात पाहायला आलेल्या साहेबांनाही तुम्ही तेच सांगायला निघाला होता. "साहेब, माह्या पोरीनं..." मी मधेच म्हटलं, बाबा, बोलू नका, धाप लागते. साहेब म्हणाले, हाँ हाँ, आराम कीजिए. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या एका नजरेत काही होतं की नुसती धाप होती, हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकले नाही. तेव्हापासून कुठे विमान पडल्याची बातमी आली की मी आधी त्याचं वय वाचते, आणि नंतर माणसांचा आकडा.

तर लिहूनच टाकते. तुम्ही नापास झाला नव्हता, बाबा. मी तुम्हाला पास केलं होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला समजतं. असती तरी मी ते खिशातच ठेवलं असतं, कारण अजून एक गोष्ट आहे. काल विमानात मी ती भिंत वाजवली तेव्हा ठप असा आवाज आला. तिथे आतून अस्तर असतं, तिथं तसाच आवाज येतो, हे मला तुमच्या साहेबांइतकंच चांगलं माहीत आहे. तरी मी त्या विमानातल्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, ऊन लागतंय, मला वाटेकडची जागा द्या. माझ्या जागेवर मागून एक गृहस्थ आले, तुम्ही गेलात तेव्हा होता साधारण त्याच वयाचे, धोतर-टोपी, बहुधा पहिल्यांदाच विमानात बसलेले. खिडकी मिळाली म्हणून किती खूश झाले. मला म्हणाले, "तुमाले नको का, बाई?" मी म्हटलं, नको. बसा तुम्ही.